मलिक अंबर : वीस नाण्यांस विकलेला हबशी

गेल्या वैशाखात जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात आमचा फेरा झाला, तेव्हा अंतरवाली सराटी येथे एका लिंबाखाली सायंकाळी काही मंडळी जमली होती. बरोबरच्या उपदेशकाने योसेफाची कथा सांगितली. भावांनी त्याला वीस रुप्याच्या नाण्यांस कसे विकले, पोटीफराच्या घरी व पुढे बंदिखान्यात त्याचे दिवस कसे गेले, आणि शेवटी साऱ्या मिसर देशाचा कारभार त्याच्या हाती कसा आला, हे त्याने मन लावून सांगितले. कथा संपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने शंका काढली. हे मिसरात घडले ते खरे, परंतु विकत घेतलेला माणूस राज्य चालवितो असे आपल्या देशात कधी कोणी पाहिले आहे काय, असे त्याने विचारले. उपदेशकाने आमच्याकडे पाहिले. आपल्या देशात तर हे घडलेच, पण ह्याच मुलुखात घडले, आणि जालन्याच्या ह्या शिवारांतून त्या माणसाच्या घोड्यांच्या टापा वाजल्या आहेत, असे आम्ही सांगितले तेव्हा कित्येकांस ती थट्टा वाटली. रात्र होत आली होती व आम्हांस पुढच्या गावी जावयाचे होते. म्हणून सर्व हकीकत पत्रात लिहून पाठवू असे वचन देऊन आम्ही उठलो. ते वचन आज पुरे करीत आहो.

त्या माणसाचे नाव मलिक अंबर. अंबड ह्या गावाच्या नावाशी त्याचा संबंध आहे असे मात्र कोणी समजू नये. ते नाव अंबरीष राजावरून पडले असे तिकडील लोक परंपरेने सांगत आले आहेत. आमचा अंबर ह्या देशातला नव्हता. आफ्रिका खंडात, मिसर व कूश ह्यांच्याही पलीकडे दक्षिणेस जो डोंगराळ देश आहे, ज्याला आपले जुने लोक हबसाण म्हणत व आज इथिओपिया म्हणतात, त्या देशात तो सन १५४८ च्या सुमारास जन्मला. कांदके राणीचा जो खजिनदार गज्जाच्या वाटेवर फिलिप्पाला भेटला, तोही त्याच दिशेकडचा होता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे वाचकांस तो देश अगदी परका वाटणार नाही.

आईबापांनी त्याचे नाव चापू ठेविले होते. हा मुलगा लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. कोणी म्हणतात लढाईत धरला गेला, कोणी म्हणतात दारिद्र्यामुळे आईबापांनीच विकला. दुसरी गोष्ट खरी असेल तर ती ऐकून कोणी फार आश्चर्य करू नये. दुष्काळात पोर सावकाराच्या घरी कामास बांधून द्यावे लागले अशी कुटुंबे आमच्या मंडळ्यांतील म्हाताऱ्यांना माहीत आहेत. तांबड्या समुद्राच्या काठी मोखा म्हणून बंदर आहे. तेथे त्याची किंमत झाली वीस डुकट, म्हणजे युरोपात चालणारी वीस सोन्याची नाणी. पुढे सन १६१७ साली पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा एक डच व्यापारी अंबराच्या छावणीत येऊन त्यास भेटला, त्याने हा आकडा लिहून ठेविला आहे. योसेफाची किंमत वीस रुप्याची नाणी, ह्याची वीस सोन्याची. उपदेशकांनी ही गोष्ट सांगताना आकड्याचा मेळ जरूर दाखवावा, पण त्यात काही गूढ आहे असे मात्र सांगू नये.

मोख्याहून तो बगदादेस गेला. तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्यास विकत घेतले, लिहावयास वाचावयास शिकविले, मुसलमानी धर्मात घेतले, आणि त्याचे जुने नाव टाकून अंबर हे नवे नाव ठेविले. अंबर हे समुद्रात सापडणाऱ्या एका मोलवान सुगंधी पदार्थाचे नाव आहे. गुलामांस अशीच नावे देण्याची त्या लोकांत चाल होती. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर. ही नावे ऐकावयास गोड असली तरी ती दुकानातल्या मालाची नावे होत, हे विसरता कामा नये.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ह्या माणसांची दक्षिणेत इतकी गरज का होती? दख्खनचे सुलतान एकमेकांशी नित्य लढत. त्यांच्या दरबारी इथले सरदार व इराणातून आलेले सरदार ह्यांचे वैर असे, आणि कोणाचा कोणावर विश्वास नसे. ज्याला ह्या देशात ना भाऊ, ना जात, ना गाव, असा माणूस धन्याशिवाय कोणाकडे पाहणार? म्हणून हबशी मुले विकत घ्यावयाची, त्यांस घोड्यावर बसणे व भाला चालविणे शिकवावयाचे, पोटभर खाऊ घालावयाचे, आणि आपल्या जिवाचे राखणदार करावयाचे, अशी रीत पडली. आणि ह्या माणसांचे मोल कशाने चुकते होई? सोने व हस्तिदंत ह्यांबरोबर हबसाणातून माणसे बाहेर जात, आणि त्यांच्या बदल्यात जो माल तिकडे जाई त्यात हिंदुस्थानचे सुती कापड फार असे. म्हणजे आमच्या देशातील एखाद्या कोष्ट्याने भर दिव्याच्या उजेडात विणलेला तागा समुद्रापलीकडे एखाद्या आईच्या लेकराचे मोल होई, आणि त्या बिचाऱ्या कोष्ट्यास त्याची वार्ताही नसे.

हा व्यापार पुढे तीनशे वर्षे चालला. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी अरबांची गलबते पकडून सोडविलेली कित्येक आफ्रिकन मुले नाशिकजवळ शरणपुरास ठेविली होती, हे आमच्या जुन्या वाचकांनी वाडवडिलांकडून ऐकले असेल. त्यांतील जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टन साहेबांचे प्रेत आफ्रिकेच्या पोटातून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि सन १८७४ साली लंडन येथे त्यांस पुरतेवेळी हजर होता. त्याची हकीकत वेगळी लिहिण्याजोगी आहे. अंबराच्या काळी समुद्रावर सोडविणारा कोणी नव्हता.

सन १५७० नंतर लवकरच तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चिंगीजखान ह्याने त्यास विकत घेतले. हा चिंगीजखान स्वतः हबशी व एके काळचा गुलाम होता, आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते असे सांगतात. धन्याचा रंग आपल्यासारखा, धन्याचा देश आपला, आणि तरीही तो धनीच! ह्या घरात अंबराने राज्यकारभार, दरबाराची वागणूक व लढाईची विद्या पाहिली. चारपाच वर्षांतच चिंगीजखान मेला, व त्याच्या विधवेने अंबरास मोकळे केले. ह्या बाईचे नाव इतिहासात कोठे ठळकपणे लिहिलेले नाही. तथापि अंबराच्या गळ्यातील दोरी जिने सोडली ती हीच.

मोकळा झाला, पण खाणार काय? त्याने बीबी करीमा नावाच्या हबशी स्त्रीशी लग्न केले, आणि वीस वर्षांच्या आसपास कधी ह्या दरबारी, कधी त्या दरबारी, भाड्याचा शिपाई म्हणून चाकरी केली. विजापुरास त्याला मलिक हा किताब मिळाला. पुढे तेथे मान व पैसा पुरेसा मिळेना, तेव्हा सन १५९५ च्या सुमारास दीडशे स्वार घेऊन तो अहमदनगरच्या राज्यात परत आला. हे शहर आज अहिल्यानगर ह्या नावाने ओळखले जाते.

तो आला तेव्हा त्या राज्याचे शेवटचे दिवस आले आहेत असेच सर्वांस वाटत होते. दिल्ली-आग्र्याचा अकबर बादशहा सारी दक्षिण गिळावयास निघाला होता. चांदबिबीने किल्ला शौर्याने राखिला, पण सन १६०० मध्ये तिचाच तिच्या लोकांनी घात केला, आणि अहमदनगर मोगलांच्या हाती पडले. राजा पकडला गेला. सरदारांनी आपापले पाहिले. कित्येक मोगलांकडे जाऊन मनसबदार झाले. अंबरासही ती वाट मोकळी होती. त्याने ती धरली नाही. राजघराण्यातील एका तरुणास शोधून काढून परांड्याच्या किल्ल्यात त्याने त्यास मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले, आपली मुलगी त्यास दिली, आणि स्वतः राज्याचा कारभारी झाला. एकदा बाजारात उभा राहिलेला माणूस बावन्नाव्या वर्षाच्या सुमारास राजा करणारा झाला. त्या दिवसापासून मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, मोगल बादशहास त्याने निजामशाहीचा धनी होऊ दिले नाही.

ही सव्वीस वर्षे सुखाची नव्हती. सन १६०२ मध्ये नांदेडाकडे खानखानानाचा मुलगा इरज ह्याच्याशी मोठी लढाई झाली, तीत अंबर जखमी होऊन घोड्यावरून पडला. मोगलांनी त्यास धरलाच असता. परंतु त्याच्या हबशी व दक्षिणी लोकांनी तलवारींचे कडे करून त्यास रणातून उचलून नेले. त्या काळच्या लढाईत जखमी होऊन मागे राहणे म्हणजे काय, हे आम्ही फार खुलवून सांगत नाही. शत्रूचे मुंडके कापून भाल्यावर खोचून बादशहाकडे नजर म्हणून पाठविण्याची रीत होती, आणि ज्याचे डोके धडावर राहिले त्याचा सडलेला हात किंवा पाय कापावा लागला तर भूल देण्याचे औषध कोणाजवळ नव्हते. अंबर बरा झाला व पुन्हा घोड्यावर बसला.

ही जखम तो विसरला नसावा असे आम्हांस वाटते, ह्याचे कारण पुढील गोष्ट. सन १६१२ च्या सुमारास जहांगीर बादशहाने दोन बाजूंनी फौजा पाठवून त्यास चिरडण्याचा बेत केला. गुजरातेतून अब्दुल्लाखान नावाचा सरदार चौदा हजार फौज घेऊन नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने आला. दुसऱ्या फौजेची वाट पाहावी असे ठरले होते, पण सर्व यश आपणास मिळावे म्हणून तो एकटाच घाईने पुढे घुसला. अंबराने समोरासमोर लढाई दिलीच नाही. त्याचे मराठे स्वार दिवसा डोंगरात दिसत नसत, आणि रात्री छावणीच्या चहूकडून बाण व आगी सोडून कोणास डोळा लागू देत नसत. धान्याचे बैल लुटले, वाटा अडविल्या. दौलताबादेपर्यंत येता येता त्या फौजेचे असे हाल झाले की तिला बागलाणातून परत गुजरातेस पळावे लागले. त्या पळात अलीमर्दानखान नावाचा एक शूर मोगल सरदार जखमी होऊन हाती लागला. अंबराने त्याचे डोके कापले नाही. त्यास दौलताबादेस नेऊन त्याच्यावर जर्राह नेमला. तो काही दिवसांनी मेला ही गोष्ट वेगळी. पण ज्याच्या डोक्याला मोगल दरबारी किंमत होती त्याने मोगलाच्या जखमा बांधावयास माणूस ठेविला, हे शत्रूच्याच लेखणीने नमूद केले आहे.

ह्या मराठे स्वारांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. सन १६१० च्या सुमारास अंबराच्या हाताखाली दहा हजार हबशी व चाळीस हजार दक्षिणी लोक होते असे त्या वेळच्या एका इंग्रज प्रवाशाने लिहिले आहे. दक्षिण्यांत मराठे पुष्कळ होते. डोंगर, घाट, ओढे व पाणवठे ज्यास माहीत, ज्याचे घोडे लहान व काटक, आणि ज्याला तंबू-सामान लागत नाही, अशा माणसाचा लढाईत कसा उपयोग करावा हे अंबराने ओळखिले. ह्यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. मालोजी भोसल्याचे मुलगे शहाजी व शरीफजी त्याच्या बाजूने लढले, आणि शहाजीचा मुलगा शिवाजी महाराज. वाचकांनी पुढचे समजून घ्यावे.

आता जी गोष्ट लिहावयाची ती लिहिताना आमची लेखणी जड होते, पण ती गाळली तर आम्ही खोटे चरित्र लिहिले असे होईल. राजवाड्यात मुर्तजा निजामशहाच्या दोन बायका होत्या. एक अंबराची मुलगी, व दुसरी गोऱ्या इराणी कुळातली. सन १६१० च्या सुमारास ह्या दोघींचे भांडण झाले. त्यात गोऱ्या राणीने अंबराच्या मुलीस काळी गुलाम म्हणून हिणविले, आणि तिच्या बापासही शब्द लाविला. मुलीने बापास निरोप पाठविला. अंबराने आपल्या कारभाऱ्याकडून राजा व ती राणी ह्या दोघांस विष देवविले, आणि राजाच्या लहान मुलास गादीवर बसविले. असे त्या डच व्यापाऱ्याने लिहिले आहे.

विचार करा. मोख्याच्या बाजाराला कितीतरी वर्षे लोटली होती. आता हा मनुष्य साऱ्या राज्याचा कर्ता, पन्नास हजार स्वारांचा धनी, साठी उलटलेला. तरीही घरातल्या बायकांच्या भांडणात एक शब्द निघाला आणि तो सरळ त्याच्या काळजात गेला. जहांगीर बादशहाही आपल्या रोजनिशीत त्याचे नाव नीट लिहीत नाही. त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या घातल्याशिवाय त्यास पुढे लिहवत नाही. आमच्या मंडळीतील ज्या बंधूंस गावच्या पाणवठ्यावर जुन्या नावाने हाक मारली गेली आहे, त्यांस ह्या शब्दाची धार आम्ही काय समजावून सांगावी? त्यांस ती ठाऊक आहे. पण ज्या राजास त्याने स्वतः गादीवर बसविले, जो त्याचा जावई, आणि ज्याने स्वतः ती शिवी दिली असे कोठे लिहिलेले नाही, त्यास विष पाजणे हा खून होय. त्यास दुसरे नाव नाही. योसेफाच्या हाती त्याचे भाऊ सापडले होते. त्याने त्यांस धान्य दिले.

आणखी एक. गुलामगिरीचे दुःख भोगलेल्या ह्या माणसाने गुलामगिरी मोडली काय? नाही. त्यानेही हबशी गुलाम विकत घेतले व त्यांच्या पलटणी उभारल्या. ज्या दाराने तो आत आला ते दार त्याने इतरांसाठी बंद केले नाही. उलट रुंद केले. स्वतः कोणाच्या मुठीत जावयाचे नाही, एवढीच त्याची प्रतिज्ञा होती, व ती त्याने पाळली.

जमिनीच्या बाबतीत मात्र त्याचे नाव शेतकऱ्यांनी ठेविले. त्याच्या आधी गावचा वसूल मक्त्याने देत. जो जास्त बोली बोलेल त्याने सरकारात पैसा भरावा व रयतेपासून वाटेल तसा काढावा. अंबराने हा मक्ता मोडला. जमिनीची पाहणी करून चांगली व हलकी असे भेद केले. वसुलाची जबाबदारी गावच्या पाटलावर ठेविली. मिरासदाराचा जमिनीवरील वंशपरंपरेचा हक्क मान्य केला. सरकारचा वाटा प्रथम पिकाच्या पाच भागांतील दोन होता. पुढे त्याचे नगदी रूप करून सुमारे तिसरा हिस्सा ठरला. आजच्या मानाने हा भार जड वाटेल. परंतु मक्तेदाराच्या लुटीपुढे तो हलका होता, आणि मुख्य म्हणजे तो आधी ठाऊक असे. पेरताना शेतकऱ्यास आपले काय उरेल ह्याचा हिशेब करता येई. शास्त्र जाणणाऱ्यांस आठवेल की, योसेफाने मिसरात पाचवा हिस्सा ठरविला खरा, पण तत्पूर्वी दुष्काळात लोकांची गुरे, जमिनी व शरीरेही फारोसाठी विकत घेतली. ह्या एका गोष्टीत हबशी गुलामाचा हात सौम्य पडला असे म्हटल्यास आमच्या उपदेशक बंधूंनी रागावू नये. दोन्ही हकीकती समोर ठेवून पाहावे. मलिक अंबराची ही धाऱ्याची पद्धत पुढे शिवाजी महाराजांच्या मुलुखातही पायाभूत झाली.

सन १६१० मध्ये खडकी नावाच्या खेड्यात त्याने नवे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले व आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. त्या खडकाळ जागेत पाणी नव्हते. अंबराने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालून झिरपणारे पाणी शोधून, भुयारी बांधीव नाल्या व मातीचे नळ ह्यांवाटे ते केवळ उताराच्या जोरावर शहरात आणिले, आणि ठिकठिकाणी हौद भरले. दरबारी लोकांनी आधी त्याची थट्टा केली असे सांगतात. ह्या नहरेस अंबरी नहर म्हणतात, आणि तिच्या खुणा अजून दिसतात. सन १६१२ मध्ये मोगलांवरील जयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजाही तेथे उभा आहे. आम्ही विद्यार्थी असता त्या दरवाजाखालून शेकडो वेळा गेलो असू. तो कोणी बांधिला हे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारिले नाही.

अंतरवाली सराटीच्या बंधूंस आम्ही ज्या घोड्यांच्या टापांविषयी बोललो ती लढाई आता आली. सन १६१६ च्या आरंभी अंबराचे काही मराठे व हबशी सरदार फुटून मोगलांस मिळाले. त्या बळावर शाहनवाजखान खडकीवर चालून आला, आणि जालन्याजवळ, आजच्या बदनापूर तालुक्यातील रोषणगावी, दोन्ही फौजांची गाठ पडली. मध्ये चिखलाचा ओढा होता. अंबराच्या चांगल्या चांगल्या स्वारांनी त्यावर घोडे घातले. पण पलीकडून तोफा व बाण ह्यांचा मारा झाला, घोडी चिखलात रुतली, आणि अंधार पडेपर्यंत ती फौज मोडली. दुसऱ्यास गनिमी काव्याने झुंजविणारा अंबर त्या दिवशी सपाट मैदानात समोरासमोर लढावयास उभा राहिला, ही त्याची चूक होती असे आम्हांस वाटते. मोगलांनी खडकीत शिरून घरे पाडली व जाळली, आणि परत गेले.

त्याच सुमारास जहांगीराच्या दरबारातील अबुल हसन नावाच्या चित्रकाराने एक चित्र काढिले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून धनुष्य ओढीत आहे, आणि समोर भाल्याच्या टोकावर अंबराचे कापलेले काळे मुंडके खोचलेले असून त्यावर तो बाण मारीत आहे. हे चित्र आज आयर्लंड देशातील डब्लिन शहरी जपून ठेविलेले आहे. वाचकहो, हे मुंडके केवळ कागदावर कापले गेले. खरा अंबर त्या वेळी दौलताबादेस नवी फौज जमवीत होता आणि जळलेल्या खडकीच्या भिंती पुन्हा उभ्या करीत होता. बादशहा व तो एकमेकांस कधी भेटलेही नाहीत.

सन १६२१ मध्ये बादशहाचा मुलगा खुर्रम ह्याने खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली, आणि दक्षिणच्या तिन्ही राज्यांवर मिळून पन्नास लाख रुपयांचा दंड बसविला. परंतु तीनच वर्षांनी हाच खुर्रम बापाविरुद्ध बंड करून हरला, आणि पळत पळत अंबराच्याच आश्रयास आला. अंबराने त्यास थारा दिला. ह्याच खुर्रमास पुढे शहाजहान बादशहा म्हणू लागले.

सन १६२४ मध्ये मोगल व विजापूरकर एक होऊन अंबरावर आले. त्या वेळी तो पाऊणशे वर्षांचा म्हातारा होता. अहमदनगराजवळ भातवडी येथे त्याने तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले, चारा-धान्य तोडले, आणि उपाशी व चिखलात अडकलेल्या त्या दोन फौजांचा धुव्वा उडविला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद पडला. अंबराच्या बाजूने शरीफजी भोसले कामास आला. रोषणगावी चिखलाने जे नेले ते भातवडीस चिखलानेच परत दिले.

सन १६२६ च्या मे महिन्यात अंबर मरण पावला. जहांगीराचा इतिहासकार मुतमदखान ह्याने त्याचा मृत्यू नोंदविताना, युद्धात, हुकमतीत व कारभारात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, आणि हबशी गुलाम इतक्या थोरवीस पोहोचल्याचे दुसरे उदाहरण आपणास ठाऊक नाही, अशा अर्थाचे लिहिले. शत्रूच्या चाकराने शत्रूच्या कागदावर लिहिलेले म्हणून ते खोटे मानण्यास कारण नाही.

त्याचा मुलगा फत्तेखान ह्याच्या अंगी बापाचे धैर्य होते, पण शहाणपण नव्हते. त्याने खडकीस स्वतःच्या नावावरून फत्तेनगर हे नाव दिले, पुढे कैदेत पडला, सुटला, आपल्याच राजाचा जीव घेतला, आणि सन १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. मध्ये सन १६३० चा तो भयंकर दुष्काळ होऊन गेला होता, ज्यात अन्नासाठी आईबापांनी पुन्हा मुले विकली.

अंबराचे थडगे वेरुळाजवळ खुलताबादेस आहे. घुमटाची दगडी इमारत असून जवळच बीबी करीमेचे थडगे आहे. त्याच गावात औरंगजेब बादशहाचीही कबर आहे. ज्या खुर्रमाने खडकी जाळली व ज्याला अंबराने आश्रय दिला त्याचाच हा मुलगा. बादशहाची कबर पाहावयास पुष्कळ लोक जातात. अंबराच्या घुमटाकडे जावयाचे असेल तर वाट विचारावी लागते. आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावरच्या एका मुलाने ती दाखविली, आणि आत कोणीच नव्हते.